‘छान आहे, जरूर वाचा’च्या पुढे काय बोलायचं?

*पत्र*

नमस्कार ताई,

आमच्या सोसायटीत आम्ही काही जण मिळून वाचनकट्टा चालवतो. सुरुवात ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेतून आलेल्या पुस्तकांच्या पेटीपासून झाली. आता महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि ज्याने जे नुकतंच वाचलं त्याबद्दल तो बोलतो. मी बँकेतून निवृत्त झाले आहे, वाचते भरपूर. पण माझी पाळी आली की एक तर ‘छान आहे, जरूर वाचा’ एवढंच तोंडातून निघतं, नाहीतर मी गोष्ट पहिल्यापासून सांगत सुटते आणि अर्ध्यात लोक मोबाइल बघायला लागतात.

मागच्या वेळी धीर करून म्हणाले की ‘कोसला’ ही कादंबरी मला पुढे रेटवेना. आमच्यातले एक निवृत्त प्राध्यापक हसून म्हणाले, ‘ती तुम्हाला कळली नाही.’ सगळे गप्प. तेव्हापासून जावंसंच वाटत नाही. पुढची पाळी माझी आहे, ‘बनगरवाडी’ वाचतेय. काय बोलू? की कट्टाच सोडून देऊ?

– अडखळणारी वाचक, नाशिक

ता. क. प्रत्येक घरी खाण्याचा थाट वाढत चाललाय. मागच्या वेळी पावभाजी होती. माझ्या घरी बैठक आहे. काय करावं?

*उत्तर*

नमस्कार ताई,

कट्टा सोडू नका. सरांमुळे तर मुळीच नको. सोडायचाच असेल तर पुस्तकांचा कंटाळा आला म्हणून सोडा, आणि तो तुम्हाला आलेला दिसत नाही.

मी वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे बरीच वर्षं काढली. पुस्तकांवर व्याख्यानंही पुष्कळ ऐकली, अध्यक्षीय समारोपासकट. पण पुस्तकाबद्दलचं खरं बोलणं मी ऐकलं ते परतीच्या वेळी, टेबलापाशी उभ्याउभ्या. एक बाई यायच्या, भाजीची पिशवी दंडाला अडकवलेली. पुस्तक टेबलावर ठेवायच्या, पण हात काढायच्या नाहीत. अंगठा कुठल्या तरी पानात खुपसलेला असायचा. ‘हिच्या सासूचं बघा हं, इथे. बोलत काहीच नाही, नुसती पोळी उलटते,’ म्हणायच्या, ते पान माझ्यापुढे धरायच्या आणि मग कुठे पुस्तक सोडायच्या. त्यांनी कथानक कधीच सांगितलं नाही. लेखिकेचं नाव तर बऱ्याचदा चुकीचं सांगायच्या. पण त्यांनी ठेवलेलं पुस्तक रांगेतला पुढचा माणूस हटकून मागायचा.

तुम्हालाही एवढंच करायचं आहे. पुस्तकात आपण कुठे थांबलो, ते पान दाखवायचं आणि का थांबलो ते सांगायचं. बाकी सगळं त्या पानाभोवती आपोआप येतं.

गोष्ट पहिल्यापासून सांगण्याची ओढ मला समजते. गोष्ट पूर्ण सांगितली की आपण पुस्तक खरंच वाचलं याची हजेरी लागते. शाळेपासूनची सवय आहे ही, ‘सारांश लिहा’, पाच गुण. कट्ट्यावर तुमची कुणी परीक्षा घेत नाही (सर घेत असतील, त्यांच्याकडे येतेच). ऐकणाऱ्याला कथानक हवं असेल तर तो पुस्तक वाचेल, नाहीतर मलपृष्ठ वाचेल. त्याला कुठेच मिळणार नाही अशी गोष्ट म्हणजे बँकेच्या काउंटरमागे उभं आयुष्य काढलेल्या एका बाईने ते पुस्तक कसं वाचलं ती.

आता ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकरांचं हे पुस्तक लहानसं, 1955 सालचं. त्यावर 1995 मध्ये चित्रपटही आला, त्यामुळे कट्ट्यावरच्या निम्म्यांना कथा ठाऊक असेल असं धरून चाला. औंध संस्थानातल्या एका धनगरवस्तीवर तरुण मास्तर नेमणुकीवर येतो, शाळा चालवता चालवता वाडीचा होऊन जातो, दुष्काळ पडतो, माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात, शाळा ओस पडते. झालं. कथा एवढ्या दोन वाक्यांतच सांगा, तीही कुणी विचारली तर.

मग थांबायचं कुठे? ते तुमचं तुम्ही ठरवायचं, पण मी कुठे थांबेन ते सांगते. शेकूच्या बायकोपाशी. पेरायची घाई आहे, एका बैलाची उणीव आहे आणि ही बाई बैलाच्या जागी स्वतः खांदा देते. दुसरा कुणी लिहिता तर इथे दोन पानं रडून घेतली असती. माडगूळकर रडत नाहीत. वाडीतली माणसं ज्या डोळ्यांनी हे बघतील, त्याच डोळ्यांनी ते लिहितात, आणि म्हणून आपण पान उलटायचं विसरतो. मी कट्ट्यावर असते तर एवढाच भाग मोठ्याने वाचला असता. वाचून झाल्यावर म्हटलं असतं, ‘लेखकाने इथे तिची कीव केली असती तर मला ती बाई इतकी लक्षात राहिली नसती.’ आणि गप्प बसले असते. खाली बसायला घाबरू नका. पुढचं बोलणं इतर लोक करतात. कुणीतरी आपल्या आजीचं सांगेल, कुणी म्हणेल छे, यात त्या बाईच्या मनातलं आलंच नाही, लेखकाने तिला बोलू द्यायला हवं होतं. या दुसऱ्या माणसाला जपा, कट्टा अशा माणसांवर चालतो.

पण हे झालं माझं पान. तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात आणि मला वाटतं तुमचं पान तिथे सापडेल. तुम्ही बँकेत होता. आयुष्यभर इतरांचा पैसा मोजलेला माणूस पुस्तकातला पैसा इतरांपेक्षा वेगळा बघतो. ‘बनगरवाडी’त मास्तरच्या डोक्यात येतं की वाडीत तालीम असावी. ती कशी उभी राहते ते नीट बघा. कोण काय देतं, कोण नुसते हात देतं, कोण नाही म्हणतं, आणि पगारावर जगणाऱ्या एका पोरसवद्या मास्तरवर लोक विश्वास का टाकतात. उद्घाटनाला खुद्द औंधचे राजेसाहेब येतात. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून त्यांची ख्याती होती, त्यामुळे तालमीला त्यांचं येणं ओघानेच आलं. पण तोवर तालीम उभी केलेली असते ती वाडीने. आणि पुढे दुष्काळात माणसंच निघून जातात, तेव्हा त्या तालमीचं काय, त्यात घातलेल्या घामाचं काय? हे प्रश्न साहित्याच्या प्राध्यापकाला सुचतीलच असं नाही. तुम्हाला सुचतील. वाडीत कर्ज कुणाला मिळालं असतं आणि तारण काय ठेवलं असतं, असा विचार करत वाचून बघा, पुस्तक वेगळंच दिसेल. कुणी हसलं तर हसू द्या.

इथेच एक व्यवहाराचं सांगते. वाचतानाच कागदाची चिठ्ठी पानात ठेवत जा आणि चिठ्ठीवर दोन शब्द खरडा. ‘इथे राग आला’, ‘हे खोटं वाटलं’, ‘बाबांची आठवण’. पुस्तक संपवून मग आठवायला बसलं की फक्त कथानक आठवतं, बाकीचं गळून गेलेलं असतं. वाचनालयाचं पुस्तक असेल तर पेन्सिल लावू नका. माझी नोकरी संपली तरी हा राग संपलेला नाही. समासात ‘वा!’ लिहिणाऱ्या आणि शेवटच्या पानावर ‘भिकार’ लिहिणाऱ्या, दोघांनाही मी अजून शोधते आहे. चिठ्ठ्या पुष्कळ झाल्या तर कट्ट्याच्या आदल्या दिवशी एकच ठेवा, बाकीच्या काढून टाका. वाचून दाखवायचा उतारा घरी एकदा मोठ्याने वाचा. पंधरा-वीस ओळी पुरतात. माणदेशी बोलीतले संवाद असतील तर नाटकी आवाज काढू नका, सरळ वाचा. बोली आपलं काम आपण करते.

लेखकाची माहिती सांगावी का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचाराल. जन्म कुठे झाला, पुरस्कार कुठले मिळाले, कुठल्या संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं ही यादी कृपा करून नको. ती ऐकताना मला सत्कार समारंभात नारळ-शालीची वाट बघत बसल्यासारखं होतं. पण कधी एखादी माहिती अशी असते की तिने पुस्तक बदलतं. तुमच्याच नाशिकचं उदाहरण घ्या. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिली, 9 फेब्रुवारी 1933 ला सुरुवात केली आणि 13 तारखेला हातावेगळी केली. पाच दिवस! हे कळल्यावर त्या पुस्तकाचा भाबडा, थांबायला तयार नसलेला ओघ मला वेगळा ऐकू येतो. लिहिताना आपलं हृदय शंभरदा गहिवरून आलं होतं, असं गुरुजींनीच सांगून ठेवलंय. ज्यांना ते पुस्तक अति रडकं वाटतं त्यांच्याशीही यावरून चांगला वाद घालता येतो, पाच दिवसांत लिहिलेलं पुस्तक असंच यायचं की नाही, आणि सावकाश लिहिलं असतं तर ते बरं झालं असतं की मेलं असतं. माहिती अशी वापरता आली तर वापरा. नाही तर मलपृष्ठावरच राहू द्या.

आता सर आणि ‘कोसला’.

मला स्वतःला ‘कोसला’ प्रिय आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी तुमची बाजू घेते असं कुणी म्हणायला नको. तरीही तुम्हाला ती रेटवली नाही यात मला नवल वाटत नाही. 1963 साली ती आली तेव्हापासून ती कुणाच्या तरी हातात अडकतेच आहे. पांडुरंग सांगवीकर गावाहून पुण्याला शिकायला येतो, हॉस्टेलवर राहतो, पैसे उडवतो, नापास होतो, परत जातो. आणि सगळं सांगतो ते ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ची पेरणी करत, जणू कुठल्याच गोष्टीला पूर्ण किंमत द्यायची त्याची तयारी नाही. लिहिणारे भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचविशीतले होते. विशीत हे पुस्तक हातात पडलं तर वाटतं, अरे, माझंच मन कुणीतरी लिहून ठेवलंय. नोकरी, संसार, हप्ते आटोपून साठीत हातात पडलं तर वाटतं, अरे बाबा, वडील पैसे पाठवतायत, जरा अभ्यास कर. ही दोन्ही वाचनं खरी आहेत. दुसरं वाचन करणाऱ्याला पुस्तक ‘कळलं नाही’ असं म्हणता येणार नाही. उलट त्या पोराचा बाप त्या पुस्तकात कसा दिसतो हे कदाचित तुम्हालाच जास्त कळलं असेल.

मात्र एक आहे. ‘रेटवेना’ हा शब्द सरांना सोपा गेला. त्यात पकडायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी तुम्हालाच पकडलं. नावडलेल्या पुस्तकाबद्दल बोलताना आवडलेल्यापेक्षा जास्त नेमकं बोलावं लागतं. हा थोडा अन्याय आहे, पण तसंच आहे. ‘कंटाळवाणी आहे’ म्हटलं की लोक पुस्तकाचा वकील होऊन उभे राहतात. तेच, ‘हॉस्टेलचे दिवस चालू झाल्यावर माझं लक्ष सारखं त्या मेसच्या बिलाकडे आणि घरून येणाऱ्या पैशांकडे जायला लागलं, पांडुरंगाकडे जाईना, आणि मग त्याच्या दुःखावर माझा विश्वास बसेना’ असं म्हटलं असतंत तर सरांना ‘कळली नाही’ म्हणता आलं नसतं. त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. कदाचित ते म्हणाले असते की धाकट्या बहिणीच्या मृत्यूपर्यंत तरी वाचा, मग बोलू. आणि ते बरोबर बोलले असते. मनीच्या मृत्यूनंतरची पानं मी एकटीने वाचू शकत नाही. तिथे तोच पांडुरंग, तेच ‘वगैरे’, पण आतून फाटलेलं. तुम्ही त्याच्या आधीच थांबलात की नंतर, हे तुमच्या पत्रात नाही. आधी थांबला असाल तर एवढ्यापुरतं परत उचला. पुढचं नाही वाचलं तरी चालेल. पुस्तक पुरं केलंच पाहिजे असा कायदा नाही. अर्धं सोडलेलं पुस्तकही कट्ट्यावर आणता येतं, फक्त कुठे सोडलं ते सांगायचं आणि पुढच्या पानांबद्दल मत द्यायचं नाही.

सर पुन्हा तसं म्हणाले तर? वाद घालू नका, आणि गप्पही बसू नका. पुस्तक त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, ‘सर, तुम्हाला आवडलेलं एक पान वाचून दाखवा ना.’ हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. पुस्तकावर मनापासून जीव असलेला माणूस ही संधी सोडत नाही. त्याचा चेहराच बदलतो, आवाज खाली येतो. ते मन लावून वाचतील तर तुम्हाला ‘कोसला’ची नवी बाजू ऐकायला मिळेल आणि सरांचीही. ‘सबंध पुस्तकच वाचायला हवं’ म्हणून टाळतील तर बाकीच्यांना काय समजायचं ते समजेल. प्राध्यापकांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. आयुष्यभर वर्गात बोललेल्या माणसाला निवृत्तीनंतर ऐकणारं कुणी उरत नाही. महिन्यातून एकदा मिळालेल्या श्रोत्यांवर तो सगळी भूक काढतो. पाळीचा वेळ ठरवून घ्या, सगळ्यांना सारखाच. मोबाइलवर गजर लावा. गजराचं कुणाला वाईट वाटत नाही.

तुमच्या मंडळात ‘कोसला’ आवडणारे आणि न आवडणारे दोन्ही आहेत, तर मी तुमच्या जागी पुढच्या वेळेसाठी ‘स्मृतिचित्रे’ सुचवेन. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांची. सावानात, म्हणजे तुमच्या सार्वजनिक वाचनालयात, प्रती असतीलच. नवरा कवी ना. वा. टिळक, लहरी, 1895 मध्ये ख्रिस्ती झाला, आणि कर्मठ सोवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई ते सगळं अंगावर घेत, कित्येकदा स्वतःलाच हसत लिहिते. हे पुस्तक कट्ट्यावर आणण्याचा फायदा असा की त्यावर विद्वत्ता फार चालत नाही. उतारा वाचला की आधी खोली हसते, मग गप्प होते. ज्या मैत्रिणी ‘मी काय बोलू’ म्हणून मागे बसतात त्या यावर हमखास बोलतात, कारण प्रत्येकीच्या माहेरी सोवळ्याची एक तरी गोष्ट असते. आणि मग तंटा लावायचा असेल तर विचारा, टिळकांना तुम्ही माफ केलंत का? आमच्याकडे वाचनालयात यावरून दोन सख्ख्या बहिणींत अबोला झाला होता.

वाचलेलं लक्षात राहत नाही, पात्रांची नावं विसरतात, म्हणून बोलायला संकोच वाटत असेल तर तो सोडा. ‘तो कारभारी’, ‘ती पोरगी’, ‘तो चोऱ्या करणारा रामोशी’ एवढ्याने काम भागतं. नाव कुणीतरी पुरवतंच, आणि नाव पुरवणाऱ्यालाही बरं वाटतं.

राहता राहिली पावभाजी. तुमच्या घरी बैठक आहे म्हणजे पायंडा मोडायची संधी तुमच्याच हातात आहे. चहा आणि पोहे, बस. कुणी नाव ठेवलंच तर म्हणा डॉक्टरांनी सांगितलंय, कुणाच्या डॉक्टरांनी ते सांगायची गरज नाही. आणि पोहे बोलणं संपल्यावर द्या. हातात बशी असली की माणूस शेव सांभाळतो, शेकूच्या बायकोकडे बघत नाही.